आकाश कापडावर मांडणारे संतकवी दासोपंत

गोदावरीच्या दोन्ही तीरांवरील आपला हा मुलूख संतांचा मुलूख म्हणून सर्व महाराष्ट्रात ओळखला जातो. आपेगावचे ज्ञानेश्वर, नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे एकनाथ, जांबचे समर्थ ही नावे आपल्या मायबहिणींच्या जात्यावर, आपल्या भजनी मंडळाच्या टाळांत रोज घेतली जातात. परंतु याच मुलखात एक असे थोर पुरुष होऊन गेले, ज्यांचे नाव विद्वानांच्या ग्रंथांत आदराने घेतले जाते, मात्र खेड्यापाड्यांत त्यांचे चरित्र फारसे सांगितले जात नाही. ते म्हणजे आंबेजोगाईचे संतकवी दासोपंत. आपल्या गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण होत असताना या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे चरित्र गावकऱ्यांपुढे व देणगीदारांपुढे ठेवावे, असे मनात आले. त्याचे कारण लेखाच्या ओघात येईलच.

दासोपंतांचा जन्म शके १४७३ मध्ये, म्हणजे इ. स. १५५१ मध्ये भाद्रपद वद्य अष्टमीस नारायणपेठ येथे झाला. त्यांच्या वडिलांचे नाव दिगंबरपंत व आईचे नाव पार्वतीबाई. घराणे देशपांडे वतनदारांचे. त्या काळी बहामनी राज्याचे पाच तुकडे होऊन बेदरला बरीदशाही चालू होती. गावोगावचा सारा गोळा करून बेदरच्या खजिन्यात भरणा करावयाचा, हे देशपांड्यांचे काम. मुलाची मुंज झाली, लग्न झाले, सून जानकीबाई घरात आली. वतनदाराच्या घरी जे जे असावे ते सर्व होते.

आणि मग दुष्काळ पडला. पाऊस नाही, पेरा नाही, रयतेच्या घरात दाणा नाही, तर सारा यावयाचा कोठून? बेदरच्या खजिन्यात भरावयाची मोठी रक्कम थकली. तहसील कचेरीत ज्याचे आयुष्य वसुलीच्या नोंदी करण्यात जात आहे, त्याला या प्रसंगाची कल्पना चटकन येते. आज गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली, तर साऱ्यात सूट मिळते, वसुलीला स्थगिती मिळते. १९७२ च्या दुष्काळात हजारो हात खडी फोडून जगले, आणि पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. दिगंबरपंतांच्या काळी यांपैकी काहीच नव्हते. वर बादशहाचा तगादा व खाली उपाशी रयत, या दोहोंच्या मध्ये देशपांडे सापडला. बादशहाने जामीन म्हणून त्यांचा तरुण मुलगाच बेदरला ठेवून घेतला, आणि महिन्याच्या आत भरणा झाला नाही तर मुलाला धर्मांतर करावे लागेल, अशी अट घातली. परंपरेने चालत आलेले चरित्र असे सांगते.

तो एक महिना त्या मुलाने कसा काढला असेल? चरित्रात सांगितले आहे की, रोजच्या खर्चासाठी जे काही हाती येई ते तो दानधर्मात देऊन टाकी आणि श्रीदत्तात्रेयाचे नामस्मरण करीत बसे. इकडे नारायणपेठेत आईबापांच्या तोंडात घास उतरत नव्हता. दिवस मोजता मोजता मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी खांद्यावर घोंगडी व हातात काठी घेतलेला एक पाडेवार दरबारात हजर झाला. आपण दिगंबरपंतांकडचे, आपले नाव दत्ताजी, असे सांगून त्याने पैसा ओतला, हिशेब चुकता केला व मुलाची सुटका करून घेतली. दासोपंत मानाने घरी आले. परंतु घरी चौकशी केली, तर वडिलांनी कोणालाच पाठविले नव्हते! दत्ताजी पाडेवार नावाचा माणूस त्यांच्या चाकरीत कधी नव्हताच.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनांतून ऐकली आहे. तेथेही दुष्काळ, तेथेही बेदरचाच खजिना, आणि तेथेही पांडुरंग विठू महार होऊन भरणा करून गेला. या दोन्ही कथांत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. देवाला रूपच घ्यावयाचे होते, तर तो सरदार होऊन, सावकार होऊन आला असता. पाडेवार म्हणजे गावचा निरोप नेणारा, सरकारी टपाल व वसूल डोक्यावरून वाहून नेणारा, वेशीबाहेर राहणारा गावकामगार. लोकांच्या मनाने देवाला नेमके तेच रूप दिले. शेकडो वर्षे लोकांनी ही कथा जपून ठेवली आहे. तिचा अर्थ मात्र गावाने शेकडो वर्षे आपल्या वागण्यात उतरविला नाही, हेही तितकेच खरे आहे.

दासोपंतांच्या आयुष्याला येथून वळण लागले. ज्याने आपल्यासाठी भरणा केला त्याला शोधल्यावाचून आता वतन नको, घर नको, असा निश्चय करून ते एके रात्री घरातून निघाले. नांदेडवरून ते माहूरला गेले. माहूर हे रेणुकामातेचे स्थान, तसेच दत्तात्रेयांचे निद्रास्थान. तेथे त्यांनी बारा वर्षे तप केले. पुढे ते गोदावरीच्या काठी राक्षसभुवनास आले. हे गाव आज बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात आहे. आपल्या मानवत तालुक्याच्या दक्षिणेकडून जी गोदामाई वाहते, तिच्याच वरच्या अंगाला. तेथे वाळूत त्यांना दत्तपादुका मिळाल्या व दर्शनाचा लाभ झाला, अशी श्रद्धा आहे.

त्यानंतर ते आंबेजोगाईस आले. तेथील देशपांडे सीतोपंत यांनी त्यांना आश्रय दिला. पुढे घरच्यांचीही भेट झाली. इतकी वर्षे वाट पाहिलेल्या जानकीबाईंचा संसार पुन्हा उभा राहिला. चरित्रकार त्यांच्याविषयी फार थोडे लिहितात, परंतु बारा वर्षे माहूरच्या डोंगरावर एकाने तप केले, तर नारायणपेठेच्या घरात दुसऱ्या कोणी तरी केले, असेच म्हणावे लागेल.

आंबेजोगाईस दासोपंतांनी लेखणी हाती घेतली ती अखेरपर्यंत खाली ठेवली नाही. गीतेवर त्यांनी लिहिलेला गीतार्णव हा ग्रंथ सव्वा लाख ओव्यांचा सांगितला जातो. ज्ञानेश्वरी सुमारे नऊ हजार ओव्यांची आहे, त्यावरून या कामाचा आवाका लक्षात यावा. त्याशिवाय गीतार्थबोधचंद्रिका, ग्रंथराज, पदार्णव, संस्कृतातील काही ग्रंथ, असा मोठा संभार आहे. त्यांना रोज एका ढब्बूची शाई लागे, अशी आठवण लोक सांगत आले आहेत. पैठणच्या एकनाथ महाराजांशी त्यांचा स्नेह होता. दासोपंत पैठणास गेले असता नाथांच्या दारी साक्षात दत्तात्रेय हाती दंड घेऊन द्वारपाल म्हणून उभे असलेले त्यांना दिसले, अशी कथा आहे. देव पुन्हा चाकरीतच!

परंतु दासोपंतांचे सर्वांत विलक्षण काम म्हणजे त्यांची पासोडी होय.

पासोडी म्हणजे पांघरावयाचे जाड सुती कापड. कापसाची पेठ म्हणून नाव असलेल्या मानवतच्या लोकांना कापडाचे वेगळे सांगावयास नको. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर दासोपंतांनी पंचीकरण हा संपूर्ण विषय ओव्यांतून व आकृत्यांतून लिहून काढला. कापडावर लिहावयाचे तर त्याला आधी खळ द्यावी लागते, नाही तर शाई फुटते. अक्षर एकसारखे ठेवावे लागते. कागदावरची चूक पान बदलून झाकता येते, चाळीस फुटी कापडावरची झाकता येत नाही. आंबेजोगाईस देवघरात ही पासोडी चारशे वर्षे जतन होऊन राहिली. चार माणसांनी धरून उलगडावी आणि समोर बसलेल्यांना सबंध विश्वाची मांडणी एका नजरेत दाखवावी, अशी ही वस्तू. शाळेत भिंतीवर नकाशा टांगतात, तसा हा सृष्टीचा नकाशाच म्हणावा.

आता या नकाशात आहे तरी काय, ते थोडक्यात पाहू. विषय वरवर कठीण वाटतो, परंतु सोळा आण्यांच्या रुपयाचा हिशेब ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो चटकन कळेल.

आपल्या शास्त्रांत आकाश, वायू, तेज, आप व पृथ्वी ही पाच भूते सांगितली आहेत. उपनिषदांत त्यांचा क्रम असा दिला आहे की, आत्म्यापासून आकाश, आकाशापासून वायू, वायूपासून तेज, तेजापासून पाणी आणि पाण्यापासून पृथ्वी. आकाशाचा गुण शब्द. वायूत शब्द व स्पर्श. तेजात त्यांखेरीज रूप. पाण्यात रस वाढला आणि पृथ्वीत गंध. म्हणजे वरून खाली यावे तसतसा एकेक गुण वाढत जातो व वस्तू जड होत जाते.

परंतु ही भूते प्रथम सूक्ष्म होती. त्यांपासून आपण पाहतो ती स्थूल सृष्टी कशी झाली? तर पंचीकरणाने. अशी कल्पना करा की, पाच भाऊ आहेत व प्रत्येकाजवळ एकेक रुपया आहे. प्रत्येकाने आपल्या रुपयातले आठ आणे स्वतःकडे ठेवले आणि उरलेल्या आठ आण्यांचे दोन दोन आणे करून इतर चौघांना दिले. आता प्रत्येकाजवळ स्वतःचे आठ आणे व चौघांकडून आलेले दोन दोन आणे, असा पुन्हा पुरा रुपया झाला. परंतु हा रुपया पहिल्यासारखा नाही. त्यात पाचही भावांचा पैसा आहे. स्थूल पृथ्वी आठ आणे पृथ्वी, दोन आणे पाणी, दोन आणे तेज, दोन आणे वायू व दोन आणे आकाश. बाकीच्यांचेही तसेच. निव्वळ माती, निव्वळ पाणी असे या स्थूल सृष्टीत वेगळे काढून दाखविता येत नाही. ढेकळात आकाश आहे आणि आकाशात ढेकूळ आहे.

माणसाचा देहही याच हिशेबाने बनला. हाडे, मांस, त्वचा, नाडी व केस हे पृथ्वीचे. रक्त व घाम हे पाण्याचे. भूक, तहान व झोप ही तेजाची. हालणे, पसरणे, आकुंचन पावणे हे वायूचे. आणि आकाशाचे कोणते? पंचीकरणाची परंपरा सांगते की काम, क्रोध, शोक, मोह व भय हे आकाशाचे. यांना रंग नाही, वजन नाही, हातात धरता येत नाहीत, तरी सर्व देह व्यापून टाकतात. बेदरच्या कैदेत एक महिना मृत्यूहून कठीण भय ज्याने सोसले, त्याने पुढे हे लिहिले, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या कोष्टकातला भय हा शब्द निराळाच दिसू लागतो.

आकाश म्हणजे वर दिसणारी निळाई, असा आपला सर्वसाधारण समज असतो. शास्त्रात आकाश म्हणजे अवकाश, जागा, पोकळी. जे इतर सर्वांना राहावयास ठिकाण देते ते आकाश. घागरीतील पोकळीला घटाकाश म्हणतात, मठातील पोकळीला मठाकाश. घागर फुटली तर आतले आकाश कोठे जाते? कोठेच जात नाही. ते आधीही एकच होते, मध्ये मातीची भिंत उभी होती इतकेच. हा दृष्टांत वेदान्तात सर्वत्र येतो.

याविषयी आपल्याकडे मोठा वाद झाला आहे. वैशेषिक म्हणत की आकाश नित्य आहे, ते कोणी केले नाही व ते नष्टही होत नाही. वेदान्ती म्हणत की तसे नाही, आकाशही उत्पन्न झाले आहे. ब्रह्मसूत्रांत या प्रश्नाचे स्वतंत्र प्रकरण आहे. पंचीकरणाचा कल या दुसऱ्या बाजूचा. म्हणून सृष्टीची मांडणी करून झाल्यावर ते उलट मार्गाने आवरून दाखविते. पृथ्वी पाण्यात, पाणी तेजात, तेज वायूत, वायू आकाशात विरतो आणि शेवटी आकाशही ज्याच्यापासून आले त्यात विरते. जागा हेही शेवटचे सत्य नव्हे. जागेलाही ज्याच्यामुळे असणे मिळते, ते केवळ असणे हेच शेवटचे. शके १११० मध्ये मुकुंदराजांनी विवेकसिंधूत, आणि पुढे ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात हाच प्रश्न मराठीत हाताळला. मराठी भाषा आपल्या बालपणीच एवढा मोठा घास घेत होती, याचा आपणांस अभिमान वाटला पाहिजे.

पश्चिमेकडील विद्वानांनाही हा प्रश्न सुटला नव्हता. १६८७ मध्ये न्यूटनने आपल्या ग्रंथात जागा ही स्वतंत्र, अचल व सर्व वस्तूंच्या आधीची मानली. जर्मनीच्या लायब्निट्सने १७१५-१६ मधील पत्रव्यवहारात त्याला विरोध केला. त्याचे म्हणणे असे की, वस्तू एकमेकींच्या संबंधाने कशा मांडल्या आहेत त्या मांडणीलाच जागा म्हणतात, वस्तूच नसतील तर जागाही नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने दाखविले की, जड वस्तूंमुळे जागा वाकते. चौघांनी ताणून धरलेल्या पासोडीवर वरवंटा ठेवला म्हणजे ती खोलगट होते, तसे काहीसे समजावे. १९१९ च्या सूर्यग्रहणात ताऱ्यांचे किरण सूर्याजवळून वाकून येतात, हे मोजून पाहण्यात आले. १९२९ मध्ये हबलने दूरदूरच्या आकाशगंगा एकमेकींपासून लांब जात आहेत, हे दाखविले. त्यावरून जागाच पसरत आहे व या विस्ताराचा प्रारंभ सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी झाला, असे शास्त्रज्ञ मानतात. जागेच्या मुळाशी काय आहे, यावर आजही केवळ तर्क चालू आहेत.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आजच्या विज्ञानाने जे सांगितले ते सर्व दासोपंतांनी आधीच लिहून ठेवले होते, असे म्हणणे योग्य नाही. पंचमहाभूते ही रसायनशास्त्रातील मूलद्रव्ये नव्हेत. शब्द हा आकाशाचा गुण असे शास्त्र सांगते, परंतु निर्वात पोकळीतून आवाज जात नाही हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे. १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या माणसांना शेजारी उभे राहूनही रेडिओनेच बोलावे लागले. दासोपंतांना ताऱ्यांचे अंतर मोजावयाचे नव्हते. मी कोण, हा देह कशाचा, भय कोठून येते व ते गेल्यावर काय उरते, हे त्यांना पाहावयाचे होते. दुर्बिणीचे काम दुर्बिणीने करावे व पासोडीचे पासोडीने. त्यांना एकमेकांची साक्ष देण्याची गरज नाही.

शके १५३७ मध्ये माघ वद्य षष्ठीस दासोपंतांनी आंबेजोगाई येथे देह ठेवला. तेथे नृसिंहतीर्थावर त्यांची समाधी आहे. त्यांचे बहुतेक लेखन पुढे कित्येक पिढ्या बासनांत बांधलेले राहिले. विसाव्या शतकात संशोधकांनी त्यातले काही छापून काढले. परळीच्या पुढे आंबेजोगाईस योगेश्वरीच्या दर्शनाला आपल्या भागातून पुष्कळ लोक जातात. त्यांनी मुकुंदराजांच्या व दासोपंतांच्या समाधीचेही दर्शन घ्यावे, अशी विनंती आहे.

आता हे चरित्र याच स्मरणिकेत का, ते सांगतो. आपण सर्वांनी वर्गणी दिली. कोणी सिमेंटची पोती दिली, कोणी विटा दिल्या, कोणी खडी दिली, कोणी शिखराचा खर्च उचलला, ज्याच्याजवळ काही नव्हते त्याने चार दिवस श्रमदान केले. त्या सर्वांची नावे या स्मरणिकेत आली आहेत व ती यावयासच हवीत. परंतु आपण बांधल्या त्या भिंती. भिंतींच्या आतली जी जागा, जिथे मूर्ती विराजमान आहे व जिथे उभे राहून आपण हात जोडतो, ती कोणी दिली? तिची पावती कोणाच्या नावे फाडावयाची? ती भिंतींच्या आधीही तेथेच होती. दासोपंतांच्या हिशेबाने गाभाऱ्यातील आकाश व वेशीबाहेरच्या वस्तीतील आकाश यांत फरक नाही, भिंत तेवढी मध्ये आहे. आणि पंचीकरणाच्या हिशेबाने तर कोणाची माती निव्वळ कोणाची नाही. एकाच्या रुपयात पाचांचे आणे आहेत. हा अर्थ आम्ही आमच्या अल्पमतीने काढला आहे, चूकभूल जाणकारांनी सांभाळून घ्यावी.

तेव्हा कलशारोहण होईल, मंदिराचे दार उघडेल, महाप्रसादाच्या पंगती बसतील, त्या वेळी एवढेच पाहावे की, कोणी पायरीवर घुटमळत उभा तर नाही ना? खांद्यावर घोंगडी, हातात काठी, अंगावर प्रवासाची धूळ असा कोणी दिसला, तर त्याला आधी हात धरून आत घ्यावे व पंगतीत आपल्या शेजारी बसवावे. एकदा असाच एकजण बेदरच्या दरबारात दुसऱ्याची बाकी भरून निघून गेला, आणि त्याला ओळखावयास दासोपंतांना सारे आयुष्य खर्ची घालावे लागले. आपल्या गावावर तशी वेळ येऊ नये.